सोहारच्या वेशीवर

स्टोअरची चावी माझ्याकडे. हेल्मेट, हातमोजे,
सेफ्टी बूट, सहापासून बारा नंबरपर्यंत.
बाराचा एकच जोड, सात वर्षं त्याच फळीवर;
एवढ्या पायाचा माणूस या कॅम्पात आलाच नाही.

सोलैमलै पाईप घासतो. पण त्याचे हात पाईपचे नव्हेत,
पहिल्या दिवशी हातमोजे देतानाच ओळखलं मी:
अंगठे बाहेर वळलेले,
जणू अजून काहीतरी आतून रुंद करतायत.

गाव पुंगनकुळम. तळं, बांधावर ताडांची रांग,
आणि गाव संपतं तिथे अय्यनार,
मिशीवाला, मांडीवर तलवार.
समोर मातीचे घोडे, माणसाहून उंच,
आज्याने घडवलेले, पणज्याने घडवलेले,
कान गेलेले, पोटात साळुंक्यांची घरटी.
जुना घोडा कुणी हलवत नाही, म्हणाला,
उभ्या उभ्या माती होऊ देतात.
रात्री देव त्यावर बसून बांधावरून फेरी मारतो.
कुत्री मध्येच गप्प होतात ती का,
ते गावात पोराटोरांनाही ठाऊक.

मी म्हटलं, आमचा वेतोबा पायी फिरतो.
चामड्याच्या वहाणा वाहतात त्याला, हातभर लांब.
झिजतात. नव्या वाहतात.
आई म्हणायची, "देवाक झोप खंय रे,
रातभर गाव राखता तो."
सोलैमलैने बराच वेळ विचार केला.
मग, घोडा का नाही देत त्याला?
काय सांगणार. आमच्याकडे उतार फार, म्हटलं.

वैगासीत नवे घोडे निघतात तिथे, खांद्यांवरून.
त्याआधी गाव कुंभाराच्या ओंजळीत
मूठभर माती घालतं. पिडिमण म्हणतात.
ती कालवली नाही तर घोडा नाही, खेळणं.
यंदा रजा नामंजूर. भावाने त्या मुठीतली चिमूट पाठवली
परतणाऱ्या वेल्डरच्या सामानातून, जिऱ्याच्या डबीत.
मस्कतला कस्टमवाल्याने डबी उघडून हुंगली.
वेल्डर म्हणाला, पोटाचं औषध.

बाकी माती बहलाची,
खलफान ड्रायव्हरने आणलेली, सिमेंटच्या गोणीत.
तीन शुक्रवार. एसीच्या गळक्या नळीचं पाणी.
घोडा झाला वीतभर.
आता भाजायचा कुठे?
कॅम्पात काडी ओढायलाही परमिट लागतं
आणि परमिटच्या फॉर्मवर घोड्याचा रकाना नाही.

खलफानचा मामा अजून भट्टी लावतो.
म्हाताऱ्याने घोडा उलटा केला, पोटावर टिचकी मारली,
सोलैमलैचे अंगठे पाहिले,
आपले दाखवले.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
धूपदाण्यांच्या दोन रांगांत त्याने जागा करून दिली.

मागचा डावा पाय तडकला.
मी हळहळलो, हा हसला.
"सुरुवात झाली," म्हणाला, "माती व्हायला."

आता तो उभा आहे तारेच्या कुंपणापाशी
रिफायनरीच्या रस्त्याकडे तोंड करून.
फूल नाही, नारळ नाही, अगरबत्तीसुद्धा नाही.
चिमणीवरची ज्योत भडकते तेव्हा
सावली मात्र पडते माणसाहून लांब.
फोनवर भाऊ सांगत होता, यंदा अकरा निघाले.
हा म्हणाला, बारा लिही. एक बाहेरगावी आहे.

गुरुवारी रात्री मी फळीवरून तो जोड काढला.
धूळ झटकली, नाड्या ओवल्या,
ठेवला घोड्याशेजारी, थोडा मागे,
लाथ मारायची सवय असली तर.

काल ऑडिट झालं. साहेबाने रजिस्टरवर बोट ठेवलं:
बारा नंबर, एक जोड, कुणाला दिला?

नावाच्या जागी मी रेघ मारली आहे.
पाळीच्या रकान्यात लिहिलंय, रात्रीची.